केराची टोपली आणि तरुणांचा दिवस

संस्थेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'आजचे तरुण, त्यांची राहणी व पर्यावरण' या विषयावर आम्ही काही लिहावे, असे विश्वस्त मंडळाने सुचविले तेव्हा आम्हांला प्रथम संकोचच वाटला. या विषयावर साठी उलटलेल्या माणसाने लेखणी उचलली की ती काय लिहिणार, हे तरुण वाचक न वाचताच सांगू शकतात. मोबाइल वाईट, बाहेरचे खाणे वाईट, आमच्या वेळी असे नव्हते, आणि शेवटी चार उपदेशाच्या ओळी! तेव्हा आम्ही निराळा मार्ग धरला. आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या मागील दाराशी कचऱ्याच्या टोपल्या ठेवलेल्या असतात. महापालिकेची गाडी येण्यापूर्वी, रोज सकाळी, असे आठ दिवस आम्ही त्या टोपल्या पाहिल्या. स्वयंपाकघरातील मावशींना हा प्रकार फारसा रुचला नाही. "काका, काही हरवलंय का?" असे त्यांनी दोन वेळा विचारले. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणे सोडून दिले.

टोपल्यांत काय होते ते आधी सांगतो. रात्री मागविलेल्या जेवणाचे काळे प्लास्टिकचे डबे व त्यांत उरलेला भात आणि रस्सा. चटणीच्या आणि सॉसच्या न फोडलेल्याच पुड्या. चहाचे कागदी पेले. शेव-चिप्सची चकचकीत पाकिटे. नव्या कपड्यांबरोबर आलेले प्लास्टिकचे लिफाफे. एक कानात घालावयाचा हेडफोन, एक चार्जर. आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत, जवळजवळ रोज, सकाळच्या न्याहारीचे पोहे. इंदुरात पोहे उरावेत, ही गोष्टच आम्हांला त्या साऱ्या पसाऱ्यात अधिक गंभीर वाटली.

याच आठवड्यात आमच्या स्वतःच्या घरची टोपलीही आम्ही पाहिली, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. डब्यांऐवजी दुधाच्या पिशव्या व औषधांची पाकिटे अधिक, एवढाच काय तो फरक. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते केवळ वसतिगृहातील मुलांना उद्देशून नाही.

पोहे का उरले, याचे उत्तर सोपे होते. ते खावयास मुले उठलीच नव्हती. आता याला आपण वडीलधारी मंडळी चटकन आळस म्हणून मोकळे होतो. परंतु शरीरशास्त्र काही निराळे सांगते. अंधार पडू लागला की मेंदूतील एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडू लागते व शरीराला झोपेची सूचना मिळते. वयात येताना ही सूचना निसर्गतःच तास-दोन तास उशिरा मिळू लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नाही ती केवळ हट्टामुळे नव्हे. त्यात भर म्हणून हातातील पडद्याचा निळसर उजेड डोळ्यांवर पडत राहिला, तर मेंदूला तो दिवसच वाटतो आणि द्रव्य आणखी उशिरा स्रवते. शिवाय त्या पडद्यावर जे चालते तेही असे रचलेले असते की एक संपण्यापूर्वी दुसरे सुरू व्हावे. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे या विषयातील वैद्यांचे मत आहे. भंवरकुआँकडील शिकवणीचे वर्ग व त्यांचे वेळापत्रक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यांतील किती तास पदरात पडत असतील याचा हिशेब करण्याची गरज नाही.

झोप अपुरी झाली की भूक चढवणारी द्रव्ये वाढतात, पोट भरल्याची सूचना देणारी कमी होतात, आणि जीव गोड व तळलेल्या पदार्थांकडे ओढ घेतो. रात्री एक वाजता ही ओढ लागली तर पूर्वी काय होत असे? मूल उठून फडताळातील लाडवाचा डबा उघडीत असे, किंवा पाणी पिऊन झोपत असे. आता हाताच्या पंजात दुकान आहे. अर्ध्या तासात कोणा दुसऱ्याचा मुलगा, जो स्वतःही त्या वेळी झोपलेला असावयास हवा, दुचाकीवरून जेवण आणून देतो. जेवण होते, झोप आणखी लांबते, सकाळचे पोहे राहतात, दुपारी डोके जड होते, आणि संध्याकाळी थंड पेयाचा डबा लागतो. आम्ही जी टोपली पाहिली ती म्हणजे या फेऱ्याची सकाळी उमटलेली नोंद होती. मुलाचा दिवस आणि शहराचा कचरा या दोन निराळ्या गोष्टी नाहीत, एवढेच आम्हांला या लेखात दाखवावयाचे आहे.

येथे एक गोष्ट तरुणांच्या बाजूने सांगितली पाहिजे. रात्री खाण्याबद्दल इंदूरकराने कोणाला बोल लावावा हे काही शोभत नाही. सराफ्यातील पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकाने लागावयाची, ही रीत आपल्या आजोबांच्याही वेळची. तेही मध्यरात्री भुट्ट्याचा कीस आणि रबडी खाऊनच घरी येत. परंतु ते पायी जात आणि पायी येत. चार मित्र बरोबर असत. आणि पदार्थ मिळे तो पळसाच्या पानाच्या दोन्यात. तो दोना फेकला तर गाय खाई, न खाल्ला तर चार महिन्यांत त्याची माती होई. आज त्याच सराफ्यात जो कागदी दोना हातात येतो तो पाहून घ्यावा. आतील बाजूस नख लावले तर पातळ पापुद्रा निघतो. तो प्लास्टिकचा.

हा पापुद्रा हे या विषयातील मर्म आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. चहाचा कागदी पेला आपण निर्धास्तपणे घेतो. प्लास्टिकचा पेला १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाला, त्याच्या जागी हा आला, म्हणजे तो निर्दोष असणार, असा आपला समज. परंतु निव्वळ कागदात चहा टिकत नाही. म्हणून आतून पॉलिथिनचे अस्तर चढवितात. हा पेला मातीत पुरला तर कागद कुजतो, अस्तर राहते. कागद म्हणून लगद्यात टाकला तर अस्तर आड येते, आणि प्लास्टिक म्हणून वितळविता येत नाही कारण कागद चिकटलेला. चिप्सच्या चकचकीत पाकिटाचे तर याहून कठीण. त्यात एका जातीच्या प्लास्टिकवर दुसऱ्या जातीचे, मध्ये अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, अशी दोन-तीन पदरी रचना असते. हवा, ओल आणि उजेड यांपैकी काहीही आत जाऊ नये व पदार्थ सहा महिने कुरकुरीत राहावा, म्हणून ही युक्ती. युक्ती म्हणून ती उत्तमच आहे! पण हे पदर पुन्हा वेगळे करणे इतके खर्चाचे आहे की भंगारवाला अशी पाकिटे फुकटसुद्धा घेत नाही. फार तर ती सिमेंटच्या भट्टीत जळणासाठी जातात. जो पदार्थ पाच मिनिटांत संपला त्याचे वेष्टन कोणत्याच वर्गात बसत नाही, ते असे.

आता काळ्या डब्यातील उरलेला भात. तो डब्यातून निराळा काढून ओल्या कचऱ्यात टाकला, तर आपल्या शहरात त्याची उत्तम व्यवस्था आहे. देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या कारखान्यात रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची सोय आहे. बंद टाक्यांत, हवेशिवाय, जंतूंकडून तो कुजविला जातो. त्यातून निघणारा वायू शुद्ध करून दिवसाला सुमारे १७ हजार किलो सीएनजी आणि सुमारे १०० टन खत मिळावे, अशी योजना. परंतु मुलांनी, आणि आपणही, डबा झाकण लावून जसाच्या तसा टाकला म्हणजे दोन्ही बाद. भाताने प्लास्टिक खराब, प्लास्टिकने भात अडकलेला. कोणीतरी आपल्या हातांनी तो उघडावा तेव्हा वाट मोकळी होते. ते हात कोणाचे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अन्न कुजले तर कुजले, त्यात काय एवढे, असे कोणी विचारील. उकिरड्याच्या ढिगाखाली, जेथे हवा पोचत नाही तेथे, अन्न कुजताना मिथेन वायू निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर पृथ्वी तापविण्यात हा वायू कर्बवायूच्या सत्तावीस-अठ्ठावीसपट प्रखर आहे. टाकीत धरला तर इंधन, ढिगात सुटला तर उपद्रव. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०२२ या एका वर्षी जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले असा अंदाज दिला आहे. त्यातील सुमारे साठ टक्के घरांतून. आपल्या देशातील घरांचा आकडा दर माणशी वर्षाला ५५ किलो धरला आहे. पानात टाकू नये हे आपल्याकडे लहानपणीच शिकवितात. पण पान दिसते. मागविलेला डबा बंद असतो, त्यात काय उरले हे कोणी पाहात नाही.

कपड्यांविषयी व विजेच्या उपकरणांविषयी थोडक्यातच लिहितो. सुती सदऱ्याच्या एका नगामागे, कापसाच्या शेतापासून रंगाच्या हौदापर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा सामान्यतः दिला जाणारा हिशेब आहे. ज्या इंदुरात कापडगिरण्यांच्या भोंग्यावर एके काळी घड्याळे लावीत, तेथील मुलांना कापड कशाने होते हे सांगावे लागावे याचे आम्हांला वाईट वाटते. उपकरणांचे म्हणाल तर २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातील चौथा हिस्सासुद्धा रीतसर संकलित होऊन पुन्हा वापरात गेल्याची नोंद नाही. मोडका हेडफोन सुक्या कचऱ्यात नव्हे, गाडीवरील निराळ्या कप्प्यात द्यावयाचा असतो. वसतिगृहातील चौदा मुलांना आम्ही हे विचारले. तिघांना ठाऊक होते. विश्वस्त मंडळातील सातांना विचारले, तेव्हा एकाला ठाऊक होते. ते एक कोण हे येथे सांगत नाही, पण ते आम्ही नव्हतो.

आता आपल्या शहराविषयी. २०१६ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पंचविसावे होते. २०१७ साली ते पहिले आले आणि तेव्हापासून वर्षामागून वर्षे पहिल्या स्थानी राहिले. हे यश खरे आहे व त्याचा अभिमान खोटा नाही. घरोघरी गाडी येऊ लागली, रस्त्यांवरच्या कचराकुंड्या गेल्या, घरातच कचरा वेगळा करावयाची सवय लागली, आणि देवगुराडियाचा कित्येक वर्षांचा, दहा लाख टनांहून मोठा कचऱ्याचा डोंगर उपसला गेला. परगावचे पाहुणे रस्ता पाहून आश्चर्य करतात तेव्हा आपली मान ताठ होते. परंतु या यशाने आपल्या मनाला एक सवय लावली, ती चांगली नाही. सकाळी गाडीचे गाणे ऐकू येते, बादली रिकामी होते, आणि आपण समजतो की कचरा संपला. तो संपलेला नसतो. तो दुसरीकडे गेलेला असतो. आपण वेगळे करावयास शिकलो, पण कमी करावयास शिकलो नाही. पहिला नंबर टोपली किती स्वच्छपणे रिकामी झाली याचा आहे, ती किती भरली होती याचा नव्हे.

आणि डोळ्यांना जे दिसत नाही त्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्याच शहराने २०२५ च्या डिसेंबरअखेर घेतला. भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्याच्या नळात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली आणि काहींना प्राणास मुकावे लागले. रस्ता लखलखीत असतानाच हे घडले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्या दिवसांत आपल्या वसतिगृहातील मुले पाण्याचे कॅन घेऊन तिकडे गेली होती, याची नोंद या स्मरणिकेत राहावी असे आम्हांला वाटते.

वास्तविक कचऱ्याचा विचार करणे हे इंदूरला नवे नाही. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडीस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारच्या निमंत्रणावरून येथे आला होता. गावात प्लेगची धास्ती होती. १९१७ च्या दिवाळीत त्याने एक मिरवणूक काढली. तिचा मार्ग आधी जाहीर केला नाही. जो रस्ता लोक अधिक स्वच्छ करतील त्या रस्त्याने ती जाईल, एवढेच सांगितले. मग काय विचारता! घरोघर झाडलोट सुरू झाली, भिंती रंगल्या, गाड्यांवर गाड्या भरून केर बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे आणि घाणीच्या राक्षसाचे सोंग होते. आणि त्याच मिरवणुकीत नवे कपडे घातलेले, फुले माळलेले सफाई कामगार मानाने चालत होते. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. पुढल्या वर्षी, १९१८ साली, गेडीसचा इंदूरविषयीचा दोन भागांचा अहवाल छापला गेला. त्यातील एक विचार आजही मोलाचा आहे: युरोपातील शहरांप्रमाणे सर्व घाण गटारात लोटून नदीला नेऊन सोडण्यापेक्षा, खेड्यातील जुन्या रीतीप्रमाणे ती मातीला परत द्यावी.

मातीला परत द्यावे, पण कसे, याचे शास्त्रही याच गावात तयार झाले. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख होते. ती जागा म्हणजेच आजच्या कृषी महाविद्यालयाचा परिसर. त्यांचे रसायनशास्त्रातील सहकारी होते यशवंत वाड. आडनावावरून ते आपल्यांपैकीच वाटतात. या दोघांच्या नावाने १९३१ साली जे पुस्तक प्रसिद्ध झाले त्यातून 'इंदूर पद्धत' जगभर गेली, आणि इंग्लंडातील मळ्यांपासून आफ्रिकेतील कॉफीच्या बागांपर्यंत आपल्या गावाचे नाव खताच्या संदर्भात घेतले जाऊ लागले. पद्धत अशी: काडीकचरा, पालापाचोळा यांचा थर, त्यावर शेण, गुरांच्या गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि राख यांचा थर, पुन्हा काडीकचरा. ओल हवी पण चिखल नको, हवा खेळती हवी. पंधरा दिवसांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा वरखाली करावयाचे. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. काडीकचऱ्यात कर्ब अधिक, शेणामुतात नत्र अधिक. दोन्हींचे प्रमाण जमले की जंतू आपले काम चोख करतात, हे त्यामागील तत्त्व. वसतिगृहाच्या मागच्या अंगणात एवढे सारे शक्य नसले तरी दोन पिंपे, वाळलेली पाने व स्वयंपाकघरातील साले-देठे एवढ्यावर ते सहज साधते. नाकाला वास आला तर समजावे की ओल अधिक झाली. कोरडी पाने घालावीत.

हॉवर्ड आणि वाड यांच्या त्या ढिगात चिप्सचे पाकीट टाकले असते तर? नव्वद दिवसांनी ते जसेच्या तसे, चमकत, बाहेर आले असते. आमच्या मते तरुणांनी, आणि आपणही, वस्तू घेताना एवढाच प्रश्न विचारावा की ही इंदूरच्या ढिगात घातली तर तीन महिन्यांनी हिचे काय होईल. प्रत्येक वेळी उत्तर मनासारखे येणार नाही, आणि प्रत्येक वेळी वस्तू टाळताही येणार नाही. औषधाचे पाकीट घ्यावेच लागते. पण रात्री एकचा डबा, रोजच्या चहाचा पेला, दर महिन्याचा नवा सदरा यांबाबत उत्तर निश्चित आहे.

आता जी गोष्ट लिहिण्यास जड जाते ती. या लेखासाठी आम्ही वसतिगृहात फिरत होतो तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, संस्थेचीच शिष्यवृत्ती घेणारी एक मुलगी आम्हांला म्हणाली, "काका, आमची टोपली पाहिलीत, चांगलं केलंत. गणपतीच्या महाप्रसादानंतर हॉलच्या मागे काय होतं तेही लिहा." ते आम्ही लिहितो. गेल्या गणेशोत्सवातील महाप्रसादानंतर हॉलच्या मागे अस्तराच्या ताटल्या, द्रोण, पेले आणि त्यांत मिसळलेले खरकटे यांनी भरलेल्या काळ्या पिशव्यांची रांग भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली होती. ती तरुणांनी केलेली नव्हती. कंत्राट आम्ही दिले होते.

जुन्या सभासदांना आठवत असेल की संस्थेची स्वतःची भांडी होती. पितळी पराती, तपेली, हंडे, ओगराळी, झारे, आणि मागाहून घेतलेली स्टीलची ताटे, वाट्या, फुलपात्री. समाजातील कोणाच्याही घरचे लग्न, मुंज किंवा बारसे असो, नाममात्र भाड्याने ती मिळत. बऱ्याच भांड्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली होती. आईच्या स्मरणार्थ, वडिलांच्या स्मरणार्थ. आमच्या मुंजीत ज्या परातीत लाडू आले ती परात कोणी दिली हे आम्ही वाचून पाहिले होते, कारण नुकतेच वाचावयास शिकलो होतो. पुढे १९९० नंतर केव्हातरी सर्वसाधारण सभेत ठराव आला: घासण्यास माणसे मिळत नाहीत, मोजदादीत भांडी कमी भरतात, ठेवण्यास खोली अडते, तेव्हा ती मोडीत काढावीत. ठराव एकमताने संमत झाला. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. वजनावर पैसे आले, त्यातून हॉलला पंखे बसविले. 'घासण्यास माणसे मिळत नाहीत' याचा अर्थ त्या दिवशी कोणी विचारला नाही. आपल्यांपैकी कोणी घासावीत, ही गोष्ट सभेत कोणाच्या मनालाही शिवली नव्हती.

या मुलीने, आणि तिच्याबरोबर सहाजणांनी, यंदाच्या सभेत लेखी सूचना दिली की अमृतमहोत्सवाच्या भोजनासाठी स्टीलची ताटे विकत घ्यावीत व ती पुन्हा संस्थेची म्हणून ठेवावीत. चर्चा तासभर चालली व सर्वच ती शोभणारी नव्हती. एका ज्येष्ठ सभासदाचा आक्षेप मात्र रास्त होता: ताटे घासावयास पाणी लागते, आणि इंदूरचे पाणी काही फुकट येत नाही. नर्मदेचे पाणी मंडलेश्वराजवळील जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून आणावे लागते; त्यासाठी पंप अहोरात्र चालतात. महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत जे २४४ कोटींचे हरित रोखे काढले ते या पंपांना सूर्यशक्तीची वीज मिळावी म्हणूनच. तेव्हा कागदी ताटली वाचविण्यासाठी नर्मदा ओतावयाची काय?

मुलांनी याचा विचार केला होता. खरकटे आधी हाताने वेगळ्या बादलीत. मग ताट पुसून घ्यावयाचे, त्यासाठी लाकडाचा भुसा किंवा राख. मग ओळीने तीन घंगाळी, पहिल्यात घासणे, दुसऱ्यात विसळणे, तिसऱ्यात शेवटचे विसळणे. पहिले मळले की दुसरे त्याच्या जागी सरकवावयाचे. नळ उघडा ठेवून घासण्यापेक्षा यात पाणी फारच कमी लागते, हे त्यांनी वसतिगृहात वीस ताटांवर करून पाहिले होते. उरलेले पाणी आवारातील झाडांना. आम्हांला गंमत वाटली ती ही की हीच रीत आमच्या आजीच्या घरी होती, फक्त तिला कोणी रीत म्हणत नसे. सूचना सात मतांनी संमत झाली. विरुद्ध मते काही कमी नव्हती.

ताटे आली आहेत. त्यांवर कोणाचेही नाव कोरू नये असे ठरले आहे. त्यावरही थोडा वाद झाला. भोजनाच्या दिवशी भांडी घासणाऱ्यांची यादी कार्यालयाबाहेरील फळ्यावर लावली असून हा मजकूर छापावयास जाईपर्यंत तीत एकोणीस नावे आली आहेत. त्यांतील सोळा पंचविशीच्या आतील आहेत. गुडघे दुखणाऱ्या सभासदांसाठी खरकटे काढण्याचे, खुर्चीवर बसून करता येण्याजोगे काम राखून ठेवले आहे. त्या रकान्यात आम्ही आमचे नाव लिहिले आहे. खाली आणखी पाच ओळी मोकळ्या आहेत.